कडेवरचे प्रवासी

प्रवासवर्णनांतून आजवर नाना तऱ्हेचे प्रवासी आपल्याला भेटले. कोणी हिमालयाच्या वाटेवर थकलेले, कोणी बोटीवर हैराण झालेले, कोणी विलायतेत वरणभाताच्या आठवणीने व्याकूळ झालेले. पण ज्याला चालता येत नाही, बोलता येत नाही, आपण कोठे चाललो आहोत हे ठाऊक नाही आणि ते जाणून घेण्याची तिळमात्र इच्छाही नाही, अशा प्रवाशाबद्दल माझ्या वाचनात फारसे काही आलेले नाही. गेल्या डिसेंबरात असे दोन प्रवासी माझ्या वाट्याला आले. त्यांची ही हकीकत.

माझी धाकटी बहीण ठाण्याला असते. नाताळच्या सुटीत ती, आमचे मेहुणे आणि त्यांची दोन मुले रत्नागिरीस आमच्याकडे आली. थोरली छकुली पावणेतीन वर्षांची आणि धाकटे बाळराजे नऊ महिन्यांचे. दुसऱ्याच दिवशी मेहुण्यांनी विचारले, "दादा, मुलांना घेऊन जाण्यासारखं इथं काय आहे?"

मी मास्तर माणूस. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्याची सवय. "नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन जाण्यासारखं जगात काय आहे?" मी म्हणालो.

माझ्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे पुढे काही आठवत नाही, हे मानसशास्त्र सांगते आणि आपला अनुभवही तेच सांगतो. मग ज्या सहलीचा एक क्षणही त्या मुलांच्या लक्षात राहायचा नाही, तिच्यासाठी दुपटी, बाटल्या, डायपर आणि मऊभाताचे डबे घेऊन कोसांचे कोस हिंडायचे कशाला?

बहीण म्हणाली, "दादा, तू आपला घरीच बस."

यावर आई आतून म्हणाली, "तो कशाला बसेल? सगळे जाऊ. मीसुद्धा येत्ये."

आई शहात्तर वर्षांची. अलीकडे ती चहात दोनदा साखर घालते, आणि कालचा पाहुणा आज तिला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे चालायचेच. ती आपण होऊन कोठे जाऊ म्हणाली, ही गोष्ट कित्येक महिन्यांत घडली नव्हती. मी गप्प बसलो आणि गाडी ठरवून आलो.

पहिला दिवस गावातच गेला. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात सुमारे ५५ फूट लांबीचा देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. त्याच्यापुढे उभे राहिले की चाळिशीतल्या माणसालाही आपण छकुलीएवढे झालो असे वाटते. मी तिला उचलून दाखवले, "बघ, केवढा मोठा मासा!" छकुलीने माझ्या बोटाच्या दिशेने नव्हे, तर बरोबर उलट दिशेने पाहिले आणि आनंदाने ओरडली, "माऊ!" दाराबाहेर एक मांजर अंग चाटीत बसले होते.

संध्याकाळी थिबा राजवाडा. ब्रिटिशांनी ब्रह्मदेशच्या राजाला पदच्युत करून १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. राजवाडा पुरा झाला तो १९१० साली, आणि सहा वर्षांनी थिबा येथेच वारला. हे सारे मी वर्गात सांगावे तसे सांगत होतो. पण त्या दिवशी बाळराजे माझ्या कडेवर होते, म्हणून एक गोष्ट प्रथमच मनाला लागली. राजाराणीबरोबर त्यांच्या लहान मुलीही होत्या, आणि त्यांतली एक तर वाटेत मद्रासला जन्मलेली, अवघी काही आठवड्यांची. ब्रह्मदेशचे राज्य गेले होते, बोट रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागत होती, आणि ती राजकन्या बहुधा दुधासाठी रडत होती. म्हणजे दुरून आलेल्या कडेवरच्या प्रवाशांची रत्नागिरीला जुनी ओळख आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही गणपतीपुळ्याला निघालो. आरे-वारेच्या किनाऱ्याने हा रस्ता पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. पाहुणे गाडी थांबवून फोटो काढतात. आमचीही गाडी थांबली. मात्र फोटोसाठी नव्हे, बाळराजांचे लंगोट बदलण्यासाठी.

पुळ्याला देवळापासून जवळच 'प्राचीन कोकण' नावाचे ठिकाण आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे कोकणातले गावजीवन तेथे उघड्यावर, झाडांच्या सावलीत, माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहे. खोताचे घर आहे, बारा बलुतेदार आपापल्या कामात गढलेले आहेत, आणि माहिती सांगणारा माणूस आपल्याला एकेका देखाव्यापुढे नेऊन त्या काळची रीत समजावून सांगतो. पाळणे नाहीत, घसरगुंड्या नाहीत, यंत्रांची घरघर नाही. रत्नागिरीत मुलांना घेऊन जाण्याचे उद्यान म्हणाल तर हेच.

आता 'उद्यान' म्हटले की शहरातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र उभे राहते. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली निघाले, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली. माझी बहीण मुंबईजवळच्या अशाच एका मोठ्या उद्यानात छकुलीला घेऊन गेली होती. तेथे प्रत्येक पाळण्याच्या दाराशी उंची मोजण्याची पट्टी असते. इतकी उंची असेल तर आत, नाहीतर बाहेर. नियम मुलांच्या सुरक्षिततेचाच, त्यात वावगे काही नाही. पण छकुली दिवसभर पट्टीच्या खाली राहिली आणि तिचे आईबाप आळीपाळीने बाकावर बसून राहिले.

गंमत अशी, की या साऱ्या उद्यानांचा आजचा थाट अशाच एका बाकावरून निघाला. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जात असे. मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि हा बाप बाकावर शेंगदाणे खात बसे. आईबापांना आणि मुलांना बरोबरीने रमता येईल अशी एखादी जागा का असू नये, हा विचार त्याला तेथे सुचला, असे तो पुढे सांगे. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड उघडले. पुळ्याच्या या बागेचे गोत्र मात्र निराळे. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने खेड्यापाड्यांतली जुनी घरे उचलून आणली आणि स्टॉकहोमच्या एका टेकडीवर १८९१ साली 'स्कान्सेन' हे उघड्यावरचे संग्रहालय थाटले. जुने जग नाहीसे होण्याआधी ते कोणीतरी दाखवून ठेवले पाहिजे, ही त्याची तळमळ. 'प्राचीन कोकण' त्या कुळातले.

आम्ही सकाळी लवकर आत शिरलो, ते बरे झाले. डिसेंबर असला तरी कोकणातले ऊन अकरानंतर तान्ह्या मुलाला सोसत नाही. बाबागाडी मेहुण्यांनी हौसेने ठाण्याहून आणली होती. चढउतार आणि पायऱ्या पाहून ती मुकाट्याने पुन्हा गाडीत गेली. बहिणीने बाळराजांना ओढणीने छातीशी बांधले आणि आमची वरात निघाली. लहान मुले घेऊन जाणाऱ्यांना अनुभवाचे दोन शब्द सांगतो: एका मुलामागे एक मोठे माणूस मोकळे ठेवा, पोटे भरलेली असू द्या, आणि सारे पाहूनच परत यायचे हा हट्ट फाटकाबाहेर ठेवा.

पहिल्याच पुतळ्यापुढे गडबड झाली. माणसासारखे माणूस, पण हलत नाही, बोलत नाही, डोळे मात्र आपल्याकडे लागलेले. छकुलीने एकदा पाहिले आणि असा टाहो फोडला की बाळराजेही दचकून जागे झाले. मेहुणे म्हणाले, "अगं, खोटं आहे ते!" बहीण म्हणाली, "बाहुली आहे, बाहुली." मी मातीकाम आणि शिल्पकला यांविषयी काही सांगण्याच्या बेतात होतो. एवढ्यात आई पुढे झाली, खाली वाकली आणि छकुलीच्या कानात म्हणाली, "घाबरत्येस काय? त्यांना कुणीतरी 'स्टॅच्यू' म्हटलंय!"

छकुलीचे रडणे जागच्या जागी थांबले. हा खेळ तिला ठाऊक होता. 'स्टॅच्यू' म्हटले की हलायचे नाही, 'ओव्हर' म्हणेपर्यंत. तिने डोळे पुसले, पुतळ्याकडे नीट पाहिले आणि बोट उगारून हुकूम सोडला, "ओव्हर!"

पुतळा हलला नाही. छकुली पुढच्या पुतळ्याकडे धावली. मग तिच्यापुढच्या. पुढचा अर्धा तास ती प्रत्येक बलुतेदाराला मोकळे करण्याच्या मोहिमेवर होती. माहिती सांगणारी मुलगी बारा बलुतेदारांची व्यवस्था समजावून देत होती. पैसा फारसा हाताळला जात नसे, कामाबद्दल धान्य मिळे, गावाचा गाडा असा एकमेकांवर चाले. आणि तिच्या प्रत्येक वाक्याला पूर्णविरामाच्या जागी छकुलीचे "ओव्हर!" येत होते. त्या मुलीने ते हसून घेतले. बाळराजांनी मात्र पाचशे वर्षांचा हा सगळा इतिहास झोपेत काढला.

खोताच्या घराशी आल्यावर ती मुलगी म्हणाली, "पाचशे वर्षांपूर्वी बायका पहाटे उठून अशा जात्यावर दळत असत."

"पाचशे कसली गं?" आई म्हणाली. "पन्नास म्हण. लग्न होऊन आल्यावर मी दळलंय ह्यावर."

मुलगी थबकली. मग तिने आपली पाठ केलेली माहिती बाजूला ठेवली आणि आईलाच विचारू लागली. नाचणी वेगळी दळायची का? दोघींनी मिळून कसे दळायचे? आई सांगत होती. खुंटा कोणत्या हाताने धरायचा, वैरण केवढी घालायची, पीठ जाडे आले तर सासू काय म्हणायची. चहातली साखर विसरणारी माझी आई जात्याबद्दलचे एक अक्षर विसरलेली नव्हती.

सांगता सांगता ती सावलीला टेकली. बाळराजे जागे झाले होते. त्यांना मऊभात भरवून बहिणीने आईच्या मांडीवर ठेवले. आईने पाय पसरले, त्यांवर त्यांना आडवे घेतले आणि पाय हळूहळू हलवू लागली. बाळराजांचे डोळे मिटले, तशी आईचीही नजर जात्यावर खिळून राहिली. ती बोलेना. मी दोनदा हाक मारली. मला उगाच भीती वाटली. हल्ली अशी भीती पटकन वाटते.

छकुली बलुतेदारांना कंटाळून परत आली होती. तिने आजीकडे पाहिले आणि बोट उगारले. "आजी, ओव्हर!"

आई हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तूही असाच पायावर झोपायचास. पुळ्याला आणला तेव्हाही सगळा वेळ झोपलेलास. ह्यांच्या खांद्यावर."

"कोणाच्या? बाबांच्या?" मी विचारले.

येथे आमच्या घराबद्दल थोडे सांगितले पाहिजे. वडील शाळामास्तर होते, बोलायला मोजके आणि शिस्तीला कडक. त्यांना जाऊन पंधरा वर्षे झाली. आमच्या घरची रीत जुनी. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचे मूल उचलून घ्यायचे नाही, त्याचे लाड करायचे नाहीत. आजोबा पुष्कळ वर्षे जगले आणि वडिलांनी ती रीत पाळली. त्यांनी मला कधी कडेवर घेतल्याचे मला आठवत नाही. या गोष्टीचे मला दुःख होते असे नाही म्हणणार. पण मनाच्या एका कोपऱ्यात ती नोंद होती खरी.

आई सांगू लागली. मी सहा महिन्यांचा असताना मला डांग्या खोकला झाला. पोर हाती लागेल असे कोणाला वाटत नव्हते. आजीने पुळ्याच्या गणपतीला नवस बोलला, बरा झाला की प्रदक्षिणा घालून आणीन. मी दहा महिन्यांचा झाल्यावर सगळी मंडळी एस. टी.ने निवळीवरून, जाकादेवीच्या वाटेने पुळ्याला आली. पुळ्याची प्रदक्षिणा देवळाभोवतीची नसते. तेथे टेकडीच देवाचे रूप मानलेली आहे, म्हणून अख्ख्या टेकडीला वळसा घालावा लागतो. तो साधारण किलोमीटरभर भरतो.

"मला चालवत नव्हतं," आई म्हणाली. "चार महिने जागून काढलेले. तुला घेऊन दहा पावलं गेल्ये आणि बसल्ये. तुझे आजोबा पुढे चालत होते. ह्यांनी काही न बोलता तुला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि आजोबांच्या मागोमाग चालायला लागले. पुरी प्रदक्षिणा. आजोबांनी एकदा वळून पाहिलंन्, पण ह्यांनी मान काही खाली घातली नाही."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू विचारलंस कधी?" आई म्हणाली, आणि बाळराजांच्या अंगावरची माशी हाकलू लागली.

दुपारी मुले झोपल्यावर मी एकटाच मालगुंडला जाऊन आलो. पुळ्याहून ते अगदी जवळ. केशवसुतांचे जन्मघर तेथे जपून ठेवले आहे आणि शेजारी कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले त्यांचे स्मारक आहे. मराठीचा मास्तर म्हणून मी तेथे अनेकदा गेलो आहे. आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणून ज्याला आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो, त्याच्या जन्मतारखेबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. कोणी १८६६ चा मार्च धरतात, कोणी ऑक्टोबर. इतकी वर्षे ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना परीक्षेचा मुद्दा म्हणून सांगत आलो. त्या दुपारी त्या घराच्या ओटीवर तिचा वेगळाच अर्थ लागला.

आपला जन्म आपल्याला आठवत नाही, पहिले पाऊल आठवत नाही, पहिला आजार आठवत नाही. आयुष्याची पहिली तीन वर्षे आपल्याला दुसऱ्यांनी सांगितलेली असतात. ज्यांनी पाहिले ते सांगतात, म्हणून ती आपली होतात. सांगणारे गेले की मोठ्या कवीच्याही जन्माचा महिना वादात पडतो. माझी पहिली तीन वर्षे आजच्या घटकेला एकाच माणसाच्या ठेव्यात आहेत, आणि ते माणूस चहात दोनदा साखर घालते आहे.

"मुलांना काही आठवायचं नाही, मग न्यायचं कशाला?" हा माझा प्रश्न मला तेथे आठवला. मुलांना आठवत नाही, हे खरेच. आठवण ठेवण्याचे काम त्यांचे नसते. ते बरोबर असलेल्यांचे काम. मूल जन्मभर पुरेल असे काहीतरी त्या दिवशी आपल्याकडे ठेवायला देते, आणि पुढे केव्हातरी ते त्याला परत करायचे असते. माझी ठेव आईने सेहेचाळीस वर्षे सांभाळली आणि त्या सकाळी एका जात्याशी बसून परत केली. आम्ही घरीच बसलो असतो, तर ती तशीच राहून गेली असती.

संध्याकाळी देवळात गेलो. पुळ्याचे देऊळ पश्चिमेकडे तोंड करून, ऐन समुद्रकाठी आहे. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. दर्शन झाल्यावर बहीण म्हणाली, "आता पुरे. मुलं दमलीत, प्रदक्षिणा पुढच्या खेपेला."

"तुम्ही बसा," मी म्हणालो. "मी छकुलीला घेऊन जातो."

छकुली पहिली शंभर पावले चालली. दगड, मुंगळा, पडलेले पान, प्रत्येकाशी थांबली. मग तिने दोन्ही हात वर केले. मी तिला उचलले. तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि थोड्याच वेळात तिचा श्वास माझ्या मानेला लागू लागला. झोपलेले मूल जागेपणीपेक्षा जड लागते, हे ज्यांनी उचलले आहे त्यांना सांगायला नको. निम्म्या वाटेवर माझा हात भरून आला. वडिलांचाही येथेच कोठेतरी भरून आला असेल. ते बोलले नसतील. मीही बोललो नाही. टेकडीला पुरा वळसा घातला आणि देवळाशी परत आलो.

आई दिव्यांच्या उजेडात बाळराजांना घेऊन बसली होती. माझ्या खांद्यावर झोपलेल्या छकुलीकडे तिने पाहिले, मग माझ्याकडे. "तुझे बाबाही अस्सेच घामाघूम झाले होते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी एक वही केली आहे. रोज रात्री जेवणानंतर आईला एक प्रश्न विचारतो आणि ती सांगेल ते लिहून ठेवतो. कधी दोन पाने भरतात, कधी दोन ओळी. कधी ती म्हणते, "आठवत नाही रे," तेव्हा तेवढेच लिहून वही मिटतो.

छकुलीला यातले काही आठवणार नाही. मोठेपणी ती विचारील की नाही, कोण जाणे. मीही विचारले नव्हते. म्हणून आधीच लिहून ठेवतो: पोरी, तू पावणेतीन वर्षांची असताना पुळ्याची प्रदक्षिणा तुझ्या मामाच्या खांद्यावरून झाली आहे. त्या दिवशी सकाळी तू पुष्कळ पुतळ्यांना 'ओव्हर' म्हणालीस. त्यांतला एकही हलला नाही. तुझी आजी मात्र बोलली.